कुरण मोकळं झालं

गाईनं लाथ झाडली, लशीची सुई शेणात पडली आणि मागून कुणीतरी हसलं. डॉक्टरीण वळली. एक उंच गुराखी…

"हसताय काय? धरा तिला."

"तुम्ही घाबरलात की तीही घाबरते." तो गाईची मान खाजवू लागला. गाय गप्प झाली. खरं सांगायचं तर डॉक्टरीणही.

गुरांकडून आलेल्या लाळ्या-खुरकुताच्या साथीनं अभयारण्यातले रानगवे पटापट मेले होते. जेमतेम अठरा उरले होते. म्हणून आधी गुरांना लस, मग कुरण मोकळं करायचं आणि तिथल्या घरांना लांब दुसरीकडे जमीन द्यायची, असं ठरलं. घरोघरी हे पटवायचं काम डॉक्टरणीच्याच गळ्यात पडलं.

आठवड्यानं तो तीच गाय घेऊन हजर.

"हिला टोचलंय की."

"हो का? तिच्या लक्षात नाही राहिलं."

"आणि तुमच्या?"

"माझं लक्ष कुठं होतं तेव्हा…"

डॉक्टरणीनं वहीत डोकं खुपसलं, पण कान तापले ते तापलेच. त्यानंतर ती धडधाकट गाय वरचेवर आजारी पडू लागली, आणि डॉक्टरीणही तिला मन लावून तपासू लागली.

कुरणावर त्याचा शब्द चाले. एका दुपारी हौदापाशी तो म्हणाला, "मी हललो तर सगळे हलतील. हलू का?"

तो काय विचारतोय, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती.

"गवे वाचायचे असतील तर… हो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काम गव्यांचं आहे." पुढचं तिनं ओठांतच ठेवलं.

"बरं," तो म्हणाला. महिन्याभरात कुरण मोकळं झालं.

दोन वर्षांनी कळप तिथं चरायला उतरला, वासरांसकट. वनखात्याच्या साहेबांनी तिचा सत्कार केला. दुसऱ्या दिवशी ती बस धरून नव्या वस्तीवर गेली. तो गोठ्याचं फाटक दुरुस्त करत होता. त्याची वहिनी पाणी घेऊन आली. "ह्याच का त्या, आजारी गाईच्या?" म्हणून हसली, आणि हसता हसताच सांगून गेली की भाऊजींचं लग्न होऊन तीन महिने झाले.

"गवे आले," डॉक्टरीण म्हणाली.

"ऐकलं."

"त्या दिवशी मी अर्धंच बोलले. तुम्ही गेलात तर मला करमणार नाही, हे… हे राहिलं."

त्यानं हातोडी खाली ठेवली. "सांगितलं असतंत तर गेलोच नसतो मी."

"माहीत होतं. म्हणूनच नाही सांगितलं."

आतून त्याच्या बायकोनं चहाला हाक मारली. तो लगेच हलला नाही.

"किती झाले आता गवे?"

"एकतीस," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.