काझादींचा हेडफोन

हे घडलेलं आहे. तिखटमीठ लावायची मला सवय नाही. सरकारी नोकरीत तेवढा उत्साह उरत नाही.

रात्र नव्हती. पावसाळ्यातली दुपार होती. अमावस्या हवी असेल त्यांनी दुसरी गोष्ट वाचावी. जागा काँगोतल्या एका विमानतळाची, विमानांना वाट सांगणारी नियंत्रण खोली. नाव सांगितलं तर माझी पेन्शन जाईल.

आमच्याकडे रडार आहे. बंद आहे. पायलट रेडिओवर जागा आणि उंची सांगतात, आम्ही ती प्रत्येक विमानाच्या कागदी पट्टीवर लिहितो, आणि कोणी कोणावर आदळू नये याचा हिशेब डोक्यात ठेवतो. आमच्या डोक्यावर पायलटांचा विश्वास नाही. म्हणून ते एका सामाईक वाहिनीवर एकमेकांनाही ओरडून सांगतात... मी इथे आहे, सांभाळा.

त्या दुपारच्या काही दिवस आधी माझे वयस्कर सहकारी काझादी, ज्यांना आम्ही मानाने पापा म्हणायचो, खुर्चीतच गेले होते. लागोपाठ तिसरी शिफ्ट. मी दुपारी पाळी बदलायला आलो, तर हेडफोन कानाला, अंग ताठ. उघड्या तोंडात खारवलेल्या माशाचा घास तसाच. त्यावर माश्या.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेलेत.

पण...

दुपारपर्यंत प्रत्येक विमानाला उत्तर मिळालं होतं.

आमचे वरिष्ठ, बोंगाला साहेब, खूश. "विमानं पोचली ना सगळी? मग तोंड का पाडलंस, लोकुआ?"

"साहेब, माणूस मेलाय."

"वाईट झालं. आता तू सांभाळ."

"एकटा? इथे दोघं लागतात."

"काझादी मेल्यावरही एकटा पुरला. तू तर जिवंत आहेस!"

स्वतःच्या विनोदावर ते पोट हलेपर्यंत हसले. मला किळस आली.

तर सुरुवातीला म्हटलं त्या दुपारी आभाळ भरलं होतं. विमानं ढग चुकवायला वाट्टेल तिकडे वळत होती. मी एकटा. त्यात माझा हेडफोन बंद पडला.

दुसरा एकच होता. खणात. काझादींचा.

कानाला लावला. स्पंज ओला होता.

आणि... गरम.

माशाचा वास आला. मग आवाज. कोणीतरी चावत होतं. सावकाश. तोंड उघडं ठेवून.

मी दुर्लक्ष केलं. पायलट ओरडत होते, उत्तरं द्यायची होती.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरवर सामाईक वाहिनी खरखरली. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवासी विमानाने उंची सांगितली. लगेच उत्तरेकडून मालवाहू विमानाने सांगितली.

तीच उंची. तोच मार्ग. समोरासमोर.

प्रवासी विमानाला मीच खाली आणलं होतं. पट्टीवर उंची बदलायची राहिली होती.

मी बोलायच्या बटणाकडे हात नेला...

चावणं थांबलं.

काहीतरी बुळबुळीत गिळलं गेलं. माझ्या घशातून.

खारट. कुजकं. मी खाली वाकलो आणि गळक्या एसीखालची बादली दोन्ही हातांनी धरून ओकलो. विमानातली माणसं डोळ्यांपुढे येत होती, आणि मला तोंड वर करता येत नव्हतं.

मग स्पीकरवर प्रवासी विमानाचा पायलट म्हणाला, "समजलं, वर चढतोय. बरं झालं सांगितलंत."

कोणी सांगितलं?

खोलीत मी एकटा होतो. बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही. माझे दोन्ही हात बादलीला होते.

संध्याकाळी साहेबांसमोर ध्वनिमुद्रण लावलं. मला काझादींचा आवाज ऐकायची धास्ती होती.

तो काझादींचा नव्हता.

माझा होता. शांत. स्वच्छ. मागे कुठेतरी मी ओकत असल्याचा आवाजही येत होता.

साहेबांनी टेप बंद केली. "वा! ओकतानाही काम. दुसऱ्या माणसाची मागणी मी रद्द करतो."

"साहेब, बोलतंय कोण?"

"पगार कोणाला मिळतो? तुला. मग तूच."

अजून तिथेच आहे मी. विमानं धडकलेली नाहीत. काझादींच्या आधी त्या खुर्चीत किती जण बसले आणि त्यांच्या आवाजात कोण बोललं, हे मी शोधलेलं नाही.

हल्ली कधीकधी...

मी तोंड उघडायच्या आधीच पायलट "समजलं" म्हणतो.