शेडमागची अर्थिंग

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. ज्याला पटणार नाही त्याने पुढे वाचू नये, मी वाद घालणार नाही.

तारीख सतरा मे २०२२. मंगळवार. जागा तेलगावच्या पुढे, उसाच्या रानातलं एक जुनं कोंबड्यांचं शेड.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

माझं नाव आदिनाथ. पाटोद्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी अमरसिंहाचा फोन आला. मोठ्या जमीनदाराचा मुलगा. घरात दोन पिढ्यांचं राजकारण. त्याच्या फोनला नाही म्हणायची सोय नसते.

"आदिनाथ, मशीन टिकंना. तीन मेकॅनिक झाले. एक आला त्यो परत फिरकला न्हाई. तू ये."

मशीन म्हणजे क्रिप्टोची, म्हणजे कॉम्प्युटरवरचं आभासी चलन कमवायची, मायनिंग रिग. लोखंडी सांगाड्यावर आठ ग्राफिक्स कार्डं. अशी रिग चोवीस तास चालते आणि वीज प्रचंड खाते. म्हणून तिला दोन एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारे दोन डबे. चार कार्डं एकावर, चार दुसऱ्यावर.

मी दोन नवे एसएमपीएस डिकीत टाकले आणि निघालो.

शेडवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दारात बजरंग उभा होता. अमरसिंहाच्या शेतावरचा गडी. चाळिशीचा, पैलवानी अंगाचा. माणूस असा की त्याला कशाची भीती वाटेल असं वाटणार नाही.

तो आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "लवकर उरका, भाऊ."

मी रिग चालू केली. दहा मिनिटं नीट चालली.

मग... खट्.

दुसरा एसएमपीएस बंद. चार कार्डांचे पंखे थांबले.

मी एकेक गोष्ट काढत गेलो. कार्डं अदलाबदल केली. तेच. केबल बदलल्या. तेच. नवा एसएमपीएस जोडला. दहा मिनिटांनी पुन्हा खट्. बोर्डावरचा व्होल्टेज तपासला, दोनशे अठ्ठावीस. चांगला होता.

मग सांगाड्याला हात लागला आणि मी मागे फेकला गेलो. कोपर भिंतीवर आपटलं.

लोखंडात करंट उतरत होता. म्हणजे दोष रिगमध्ये नव्हता, करंट जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगमध्ये होता. मल्टीमीटरची एक पिन न्यूट्रलला, दुसरी अर्थिंगच्या वायरला लावली. तिथे दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत.

एकशे दहा दिसले.

"दादा, अर्थिंग कुणी केली?"

अमरसिंह शेडमध्येच खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. त्याचा अंगठा थांबला.

"होता एक वायरमन. चकलांब्याचा. त्रिंबक म्हणून."

"त्याला बोलवा ना."

"पुण्याला गेला त्यो." हे दारातून बजरंग बोलला. फार लगेच बोलला.

तेवढ्यात लाइट गेली. दोनचं भारनियमन. मी मेन स्विच खाली ओढला आणि रिगचा प्लगही काढून ठेवला. आता शेडमध्ये वीज कुठेच नव्हती.

मल्टीमीटर अजून जोडलेलाच होता. सहज नजर गेली.

एकशे दहा.

एकशे चाळीस... एकशे दहा... एकशे चाळीस...

हळूहळू वर. हळूहळू खाली. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं.

मी स्वतःला समजावलं, मीटर बिघडला. खड्डा उन्हाने कोरडा पडला असेल, पाणी ओतलं की बघू. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावंच लागतं. मी बजरंगला म्हणालो, "शेडमागं खड्डा हाय ना, एक बादली पाणी ओता."

त्याने मान हलवली. "मी न्हाई जायचा तिकडं."

"कावून?"

त्याने पायाने बादली माझ्याकडे सरकवली. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

शेवटी मीच बादली घेऊन मागे गेलो. खड्डा नेहमीपेक्षा मोठा होता. अर्थिंगला हातभर रुंदीचा पुरतो. हा माणूस आडवा झोपेल एवढा लांब. वर अर्थिंगला घालतात तसा मीठ आणि कोळशाचा थर, मधून वर आलेला पाइप.

मी पाइपात पाणी सोडलं.

आतून आवाज आला... गट्. गट्. गट्.

कोरडी जमीन असं पाणी पिते, मला माहीत आहे.

बादली संपली. आणि खालून... कुणीतरी खोकलं. घाईत पाणी प्यायल्यावर ठसका लागतो तसं.

मी बादली टाकून पळत शेडच्या दाराशी आलो. बजरंग दारात नव्हता.

तो आत होता.

आणि रिगचे पंखे फिरत होते. आठच्या आठ कार्डांचे. प्लग माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला होता.

बजरंगच्या हातात पहार होती. तोंड शांत होतं. अमरसिंह खुर्चीतून उठत म्हणाला, "ती ठेव खाली बे."

बजरंगने पहार त्याच्या गुडघ्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. अमरसिंह कोसळला. दुसरा घाव खांद्यावर बसला. पांढरा सदरा लाल होत गेला.

"बजरंग... मी हाय बे... दादा हाय..."

"वळकतो ना." बजरंगचा आवाज सपाट होता. "त्रिंबकला मी धरलं हुतं. जित्ती तार तुमी लावली. कार्ड चोरलं म्हणून. मग कार्ड तुमच्याच गाडीत घावलं."

"पोरीचं लग्न लावून देतो तुझ्या. सोड मला."

"त्योबी सोडा म्हणत हुता. पाणी मागत हुता. दिलं का?"

त्याने पहार फेकली. अमरसिंहाची मान एका हाताने पकडली आणि त्याला सांगाड्याकडे ओढत नेलं. मोडलेला पाय मागे घासत होता. फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला. अमरसिंहाने माझ्याकडे हात केला.

"आदिनाथ..."

मी आत जायला हवं होतं.

मी दार ओढून घेतलं. पत्र्याचं दार. आणि माझ्या हाताने बाहेरून कडी लागली.

आतून किंकाळी आली. मग पत्र्यावर काहीतरी आदळलं. पुन्हा आदळलं. मग नुसता पंख्यांचा आवाज, वाढत वाढत गेलेला. केस जळल्याचा वास दाराच्या फटीतून आला. मी कडी धरून उभा होतो. किती वेळ, सांगता येत नाही.

मग पंखे थांबले.

मी कडी काढली. अमरसिंह सांगाड्याला चिकटूनच गेला होता. दोन्ही तळहात कोळशासारखे. बजरंग शेजारी मांडी घालून बसला होता. त्याच्या अंगावर एक चट्टासुद्धा नव्हता.

त्याने मला विचारलं, "काय झालं हो, भाऊ?"

पोलिसांनी खड्डा उकरला. मिठाखाली त्रिंबक सापडला. जानेवारीत मेलेला. त्याची बायको मनिषा आली होती. तिने पायातल्या चांदीच्या कड्यावरून ओळखलं. रडली नाही. खड्ड्याच्या काठावर बसून राहिली.

अमरसिंह विजेच्या धक्क्याने मेला, असं डॉक्टरांनी लिहिलं. गावची लाइन दोन ते चार बंद होती, असं महावितरणच्या वायरमनच्या वहीत लिहिलेलं. हे दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत. त्यावर कुणी काही बोलत नाही. बजरंगने जानेवारीतला गुन्हा कबूल केला. त्या दुपारचं मात्र त्याला काहीच आठवत नाही. तो अजून जेलमध्ये आहे.

मी जबाबात सांगितलं की घाबरून पळालो, परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं. कडीचं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दिवाळीनंतर मनिषा माझ्या दुकानात आली. चकलांब्याहून दोन एसट्या बदलून. मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

म्हणाली, "भाऊ, तुमी मनाला लावून घेऊ नका. तेवढं सांगायला आले."

"कशाचं?"

"कडीचं."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कसंबसं विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ह्यांनीच." ती पदर सावरत म्हणाली. "तुमचा हात लई थरथरत हुता म्हणले. कडी लागत नव्हती. म्हणून त्यांनी वरून हात ठेवला."

ती गेली. मी तिला थांबवलं नाही.

मे महिना होता. दुपारी दोनचं ऊन त्या पत्र्यावर. कडीने तळहात भाजायला पाहिजे होता.

मला गार लागलं होतं.