सही न घेतलेला चेहरा

मला दाखला हवा होता, एवढीच गोष्ट. विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागासाठी सहा महिने व्हिडिओ केले की शिक्का मारलेला अनुभवाचा दाखला मिळतो. तो नसेल तर राजधानी सोलमधल्या कंपन्या आमच्यासारख्या आडगावच्या विद्यापीठातल्या पोरांचा अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत. मी सांख्यिकीच्या चौथ्या वर्षाला. कॅमेऱ्याची हौस मला कधीच नव्हती. एडिटिंगचं काम मागून घेतलं, कारण त्यात माणसांशी फारसं बोलावं लागत नाही.

हौस होती ती दा-उमला. दुसऱ्या वर्षाची पोरगी, वान्दो बेटावरची. समुद्रशेवाळ वाळवून विकणाऱ्या आईची एकुलती एक लेक. ती बेट सोडून शिकायला आली हे आईला अजून पचलेलं नव्हतं. "व्हिडिओत दिसले ना सो-दाम ताई, की आईला पटेल, मी इथे काहीतरी करतेय म्हणून," असं ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. ती कॅमेऱ्यासमोर, मी मागे, आणि दोघींच्या डोक्यावर विभागाचे प्रमुख मेंग सर. झाली आमची टीम.

आमच्याकडे एक नियम मात्र फार कडक होता. व्हिडिओत ज्याचा चेहरा दिसेल त्याची संमतीपत्रावर सही हवी. सही नसेल तर त्या चेहऱ्यावर चौकोनी धुरकट ठिगळ लावायचं. मग मागून जाणारी कँटीनची मावशी असो, नाहीतर बाकावर झोपलेला प्राध्यापक. माझा हात त्यात इतका बसला होता की लोकांचे चेहरे पुसताना मी दुसऱ्या हाताने किम्बापच्या भाताच्या गुंडाळ्या खात असे.

मार्चमध्ये आहारशास्त्राच्या वर्गात चित्रीकरण होतं. खुर्च्या चाळीस, मुलं अकरा. आमच्याकडे आता असंच असतं. दरवर्षी कुठला तरी विभाग बंद होतो आणि त्याच्या मजल्यावरचे दिवे काढून नेतात.

"रिकामी खुर्ची दिसता कामा नये," मेंग सरांनी बजावलं होतं. "आज ती रिकामी दिसली, तर पुढच्या वर्षी मी घरी बसलेला दिसेन."

म्हणून अकराही जणांना आम्ही पुढच्या दोन रांगांत दाटीवाटीने बसवलं. मागच्या रांगेत दा-उमने सगळ्यांची दप्तरं नेऊन ठेवली. मी अकरा सह्या घेतल्या, दोनदा मोजल्या आणि आम्ही निघालो.

एडिटिंगला बसले तेव्हा संगणकाने बारा चेहरे दाखवले.

बारावा चेहरा मागच्या रांगेत, खिडकीपाशी. मातकट रंगाचा स्वेटर, दोन्ही हात बाकावर सरळ ठेवलेले. सावलीचा किंवा प्रतिबिंबाचा भास नव्हे, चांगली धडधडीत मुलगी. तिच्या आसपास दप्तरं मात्र नव्हती. मी दा-उमला बोलावलं.

"ही कोण गं?"

ती वाकून बघत राहिली. "मला नाही माहीत. ताई, पण मी तर तिथे दप्तरं ठेवली होती."

"मग माझं मोजणं चुकलं असेल."

"तुझं?" ती हसली. "तू चिप्सच्या पुड्यातले चिप्स मोजतेस."

खरंच होतं ते. मोजण्यात माझी चूक होत नाही. पण उशीर झाला होता, सही नव्हती, मी ठिगळ लावून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या ट्रेमध्ये बारावं संमतीपत्र होतं. नावाचा रकाना कोरा. विभाग, रेशीमशास्त्र. तो विभाग बंद पडला तेव्हा माझा जन्मही झाला नसेल. खाली ठसठशीत सही. कागदाला ओल्या पाल्याचा वास येत होता.

"सही आहे ना?" मेंग सर म्हणाले. "मग काढ ते ठिगळ."

"सर, नाव नाहीये."

"नियमात सही लिहिलंय. उगाच फाटे फोडू नकोस. एक खुर्ची आपोआप भरतेय, तर तुझं का पोट दुखतंय?"

मी ठिगळ काढलं. व्हिडिओ लागला आणि चांगला चालला. दा-उमने आईला पाठवला. आईने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं, त्यावर पोरगी दिवसभर तरंगत होती.

आठवड्याने प्रशासनातून चिठ्ठी आली. व्हिडिओतल्या एका व्यक्तीचं संमतीपत्र जोडलेलं नाही. निवेदिकेचं.

मी आणि मेंग सर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सगळ्या जगाच्या सह्या घेतल्या, आणि दा-उमची राहिली. कारण ती आपली. रोज एका पातेल्यातलं सूप वाटून पिणाऱ्या माणसाकडून कोण सही घेतं? तिला कागद पुढे करणं हा तिचा अपमान वाटला असता. मागच्या सहा वर्षांत टीममधल्या एकाही पोराची सही कुणी घेतलेली नव्हती.

ती तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. तासाभरात येणार होती.

"आत्ता ठिगळ लाव," सर म्हणाले, "उद्या सही घे, परत काढ. वरून दोन फोन आलेत."

मी तासभर थांबू शकले असते. पण महिनाअखेरीला दाखल्यावर सही याच माणसाची लागणार होती. मी ठिगळ लावलं, माझ्याच हाताने. याची मला लाज वाटते, तेव्हाही थोडी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या मावशींनी मला सूप वाढलं आणि मग दा-उमच्या मागच्या मुलाला.

"मावशी, मला?" दा-उमने ताट पुढे केलं.

मावशींनी फडकं घेऊन कट्टा पुसला. दा-उम माझ्याकडे वळून हसली. "डाएट चाललंय वाटतं माझं." मी माझं सूप तिला अर्धं दिलं. तेव्हा दोघींनाही ती गंमतच वाटली.

त्याच दुपारी तिच्या वर्गात हजेरी झाली. तिने मला नंतर सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. शिकवणाऱ्या सरांनी तिचं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली. सरांनी मान वर करून मागच्या रांगेकडे बघितलं, हसले आणि खूण केली. तिने वळून पाहिलं. मागच्या रांगेत कुणीही नव्हतं.

मी लगेच संमतीपत्र छापलं. तिने माझ्यासमोर सही केली, मी स्वतः ते ट्रेमध्ये ठेवलं. सकाळी ट्रे रिकामा होता. दुसरं छापलं, पुन्हा सही घेतली आणि तसंच नेऊन मेंग सरांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटसुलट केलं. "कोरा कागद काय देतेस?"

"सर, सही आहे ना खाली. ही बघा."

"सो-दाम, झोप घे जरा," ते मऊपणाने म्हणाले. "आणि दा-उमला सांग, कॅमेऱ्यासमोर छान दिसते हल्ली. पहिल्यापेक्षा शांत वाटते."

दा-उम माझ्या शेजारीच उभी होती.

मग सही-बिही गेली खड्ड्यात म्हणून मी थेट मूळ फाइल उघडली आणि ठिगळ काढलं.

खाली मातकट स्वेटर होता. ती मुलगी दा-उमच्या जागी उभी राहून, दा-उमची वाक्यं, दा-उमच्या बेटावरच्या हेलात बोलत होती. चेहरा रागीट नव्हता, विचित्रही नव्हता. नीटनेटका, आनंदी चेहरा. मागच्या रांगेत खिडकीपाशी आता दप्तरं दिसत होती.

"ताई, परत ठिगळ लाव," दा-उम म्हणाली. मी लावलं. काढलं. बारा वेळा लावलं आणि काढलं. प्रत्येक वेळी तीच. मी सांख्यिकी शिकलेली बाई, पण कधीतरी वेगळं उत्तर येईल अशा आशेने वेड्यासारखी तेच बटण दाबत राहिले.

व्हिडिओ काढून टाकायचा तर पासवर्ड मेंग सरांकडे, आणि ते काढायला तयार नव्हते. या वर्षीचा तो सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ होता. मी पोलिसांत जाऊन काय सांगणार होते, तेही मला सुचलं नाही.

त्या आठवड्यात दा-उम माझी बाही धरून चालायला लागली. तिने बाही सोडली की गर्दीत मला ती सापडत नसे, आणि आमच्याकडे गर्दी असते तरी किती. वसतिगृहाचं दार तिच्या कार्डाने उघडेना. ती माझ्या खोलीत झोपायला लागली. कधी कधी तिच्याकडे बघताना मला भुवया कुठे संपतात ते नीट कळत नसे, डोळे चोळून पुन्हा बघावं लागे. हे मी तिला सांगितलं नाही.

"आईला फोन करूया," ती रोज म्हणायची, आणि रोज स्वतःच नको म्हणायची.

शुक्रवारी दुपारी आईचाच फोन आला, माझ्या फोनवर. आम्ही वसतिगृहाच्या दिवाणखान्यात बसलो होतो, बाहेर लख्ख ऊन. मी आवाज मोठा केला. दा-उम माझ्या बाहीला धरून पुढे वाकली.

"सो-दाम, बाळा, तुझे आभार मानायला फोन केला," आई म्हणाली. मागे वाऱ्यात फडफडणाऱ्या जाळ्यांचा आवाज येत होता. "पोरीला तू सांभाळून घेतलंस. व्हिडिओत किती छान बोलते. काल आली, तेव्हापासून मला एका कामाला हात लावू देत नाही. दोन वाट्या भात खाल्ला काल."

"कोण आलीय, काकू?"

"कोण म्हणजे? दा-उम."

दा-उमने फोन ओढून घेतला.

"आई, मी आहे. मी दा-उम बोलतेय. मी इथे आहे."

जाळ्यांचा आवाज येत राहिला.

"हॅलो?" आई म्हणाली. "सो-दाम? काही ऐकू येत नाहीये गं."

"आई."

"बेटावर हे असंच. थांब, तिलाच देते, तिच्या कानाला बरं ऐकू येतं. दा-उम, तुझ्या ताईचा फोन आहे बघ."

पावलं आली. धावत आली. कुणीतरी ओले हात कपड्याला पुसले.

"सो-दाम ताई?" दा-उमचा आवाज. तोच हेल, तीच थोडी धाप. "बरं झालं फोन लागला. सोमवारी शूटिंगला किती वाजता येऊ?"

सहा महिने हाच प्रश्न, याच आवाजात. त्याचं उत्तर देण्याआधी मी कधी विचार केलेला नव्हता.

"दहाला," मी म्हणाले.

"बरं, ताई."

माझी बाही सैल झाली.