खिडकीवाल्या आजींची घंटा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, थापा मारणाऱ्यांतले नाहीत. आणि हे रात्री-बित्री नाही, भर दुपारी घडलंय. एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात.

दाजी तिथेच कामाला; तिथलं घंटेचं ॲप त्यांनीच केलेलं. उशाशी असलेलं बटण दाबलं की नर्सच्या फोनवर घंटा वाजायची आणि खोलीचा नंबर दिसायचा.

त्या दुपारी दाजी डेटाबेस, म्हणजे कोणाचं बटण कुठल्या खोलीत याची यादी, नव्याने मांडत होते. नव्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, त्यांनी खोलीचा नंबर सक्तीचा केला. एका जुन्या नोंदीत तो रिकामा निघाला आणि सगळं काम अडलं.

"कचरा आहे," म्हणत दाजींनी ती नोंद उडवली. नावसुद्धा वाचलं नाही. पोटात कावळे ओरडत होते ना!

ती नोंद खिडकीवाल्या आजींची होती.

आजींना खोली नकोच होती. "मला येणारी-जाणारी माणसं दिसू देत," म्हणून त्यांनी पॅसेजमधल्या खिडकीशी पलंग टाकून घेतला होता. नंबराविना घंटा वाजली की नर्स ओळखायच्या, आजी बोलावताहेत.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना आजींनी बटण दाबलं...

कुठेच काही वाजलं नाही.

नर्स आल्या तेव्हा आजी गेल्या होत्या. अंगठा बटणावरच होता.

"वय झालं होतं हो," नर्स म्हणाल्या. दाजींनी नुसती मान डोलावली. खरं सांगायला जीभच रेटेना.

आठवड्याने, त्याच ऑफिसात, दाजींच्या फोनवर चाचणीसाठी ठेवलेल्या ॲपची घंटा वाजली.

खोलीचा नंबर... रिकामा.

रिकामा नंबर ते टेबल घेतच नव्हतं! त्यांनी सगळ्या नोंदी धुंडाळल्या. अशी नोंदच नव्हती.

घंटा मात्र वाजतच होती...

दाजी पॅसेजमध्ये धावले. पलंग कधीच हलवला होता. ते खिडकीपाशी उभे राहिले, तशी घंटा थांबली.

मग रोज दुपारी तेच. ॲप काढून टाकलं, फोन बदलला. छे!

शेवटी दाजींनी नर्सना सगळं सांगितलं. "आजींचं बटण मीच बंद पाडलं हो," म्हणाले आणि ढसाढसा रडले.

"म्हणजे त्या बोलावत होत्या... आणि मी शेजारच्या खोलीत जेवत होते?"

त्या दिवसापासून दाजींचा फोन गप्प आहे.

आता रोज दुपारी नर्सचा फोन वाजतो. त्या ताटावरून उठतात आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात.

समोर बसलेल्या दाजींच्या घशाखाली घास उतरत नाही.