एक पिल्लू अजून राहिलंय

"पाय उचलू नका!"

काठावरून कुणीतरी ओरडलं आणि ती जागच्या जागी थिजली. एका हातात मोजणीची उंच काठी, दुसऱ्या हातात ओल्या चपला… नदीतल्या वाळूच्या बेटावर ती नुकतीच पाण्यातून चालत पोचली होती.

"साप आहे का?"

"अंडी आहेत. तुमच्या टाचेला लागून."

खाली बघते तो काय, वाळूत सगळे ठिपकेदार गोटे, आणि त्यातलेच काही गोटे म्हणजे अंडी! "सुरय पक्ष्यांची," तो पाण्यातून येत म्हणाला. "घरटं वगैरे भानगडच नाही त्यांची. हात द्या… म्हणजे, तोल जाईल म्हणून म्हटलं."

तिने दिला. आणि सोडवायची घाई काही तिने केली नाही, उगाच खोटं कशाला बोला!

तो पक्ष्यांचा अभ्यासक, ती नकाशे करणारी. नदीच्या या अख्ख्या टप्प्याचा नकाशा तिने वर्षभर खपून केला होता. खिंड, वळणं, दोन्ही काठ… कोरं होतं ते फक्त हे बेट. "पिल्लं उडेपर्यंत थांबाल?" त्याने इतक्या आर्जवाने विचारलं, की ती हो म्हणून बसली.

मग रोज संध्याकाळी दोघं काठावर. नदी वळणावर बाहेरचा काठ कशी कुरतडते नि आतल्या बाजूला वाळू कशी टाकते, ते ती सांगायची. सुरयाचा नर मासा आणून मादीला कसा भरवतो, ते तो.

"आणि तिला मासा आवडला नाही तर?"

"दुसरा आणतो."

"भलताच चिवट दिसतो!"

"प्रेमात पडलाय हो…" म्हणता म्हणता तो कानापर्यंत लाल झाला.

"बरं, बेट कधी मोजू?"

"एक पिल्लू अजून राहिलंय."

रोज हेच उत्तर. ती त्याच्याच आत्याच्या माडीवर भाड्याने राहायची. एका सकाळी चहा ओतता ओतता आत्या सहज बोलून गेल्या, "पिल्लं तर गेल्याच आठवड्यात उडाली म्हणे सगळी. तुला बोलला नाही?"

तिचं डोकंच फिरलं. वर डोंगराकडे आभाळ काळंकुट्ट झालं होतं. पाणी चढलं की बेट बुडणार, नकाशा अर्धवट राहणार! काठी घेऊन ती तडक नदीवर गेली. तो तिथेच होता.

"खोटं बोललात!"

"बोललो."

"का?"

"नकाशा झाला की तुम्ही जाल…" त्याची मान खाली. "चुकलंच माझं."

"मग जाऊ नका म्हणायचं होतं सरळ! पिल्लाआड कसले लपता? धरा ही काठी. सरळ धरा!"

दिवसभर तिने त्याला वाळूत असा पळवला की बस. शेवटच्या जागी तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, तिने आकडा टिपला आणि बेट नकाशात आलं. राग केव्हाच ओसरला होता. आणि तिचं ठरलं होतं.

"मी जाणारच," ती म्हणाली. "पुढचं काम नदीच्या उगमाकडे आहे, ते मी सोडणार नाही. आणि मला तू आवडतोस, तर तुलाही सोडणार नाही. येशील?"

ते 'तू' ऐकून तो काठी सरळ धरायचंच विसरला.

"उगमाकडे… तिकडे वाळूच नाही. सुरय नसतात तिकडे."

"मी सुरयांना विचारत नाहीये."

तो हसला आणि त्याने काठी खांद्यावर टाकली.

"नसले तर नसले. कधी निघायचं?"