लक्ष्मीकांतची गिटार

शकूरचाचांना कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही. आधी चहा, मग खोकला, मग नातीगोती. गच्चीवर आम्ही पोरी भुताच्या गोष्टीसाठी ताटकळलो तेव्हा महनूर म्हणाली, "चाचा, भूत म्हातारं होऊन राह्यलं."

"हास, पोरी, हास. मतीन माह्या सख्ख्या मामूचा पोरगा. त्याच्याच तोंडून ऐकलं मी."

दोन हजार सहा साल, पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस. मतीन मेहकरला पार्सल आणायला गेला होता. पार्सलमध्ये गिटारच्या नव्या खुंट्या आणि तारांचा आवाज पकडणारा पिकअप. डोणगावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी ऑर्केस्ट्रा होता. मतीन कीबोर्डवर, लक्ष्मीकांत गिटारवर. कापसाचा भाव पडला तशी लग्नातली गाणी बंद झाली आणि लक्ष्मीकांत शेतीकडे वळला. बीटी कपाशीला फवारणी लागत नाही, असं सगळे म्हणायचे. तुडतुडे आले, तेव्हा लागली. पाठीवर पंप असतानाच तो कपाशीत पडला. उठला नाही.

त्याच्या बायकोनं, स्नेहलतानं, गिटार मतीनकडे आणून दिली. दांडी वाकलेली, आत सगळा गंज.

"वाजती करून द्या, भाऊजी. घर मुकं पडलं."

मतीननं लाकडी धड तेवढं जुनं ठेवलं. दांडी अकोल्याहून आणलेल्या एका मोडक्या गिटारची बसवली. त्याच रात्री शेवटची तार ओढली आणि लाईट गेली. भारनियमन.

गिटार टेबलावर होती. त्यानं चाचपून तार छेडली. बिनविजेचा आवाज, डासाएवढा. सूर उतरलेला होता. स्टेजवर मतीन सूर सांगायचा आणि लक्ष्मीकांत खुंटी पिळायचा. त्याच सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"थोडी चढव बे, लक्ष्या."

खुंटी कुरकुरली.

मतीनचे दोन्ही हात मांडीवर होते.

तार वाजली. सूर चढला होता.

"कोन हाय?"

"लक्ष्या?"

तार पुन्हा वाजली. सूर बरोबर लागला होता. आता फक्त 'बस' म्हणायचं. 'बस' ऐकलं की लक्ष्मीकांत खुंटीवरून हात काढायचा.

इथे चाचांनी चहा तोंडाला लावला.

"मग? म्हटलं की नाही?" मी ओरडलेच.

"काऊन म्हणंन तो? लक्ष्मीकांत गेल्यापासून त्या दुकानात दोन शब्द बोलाले कोनी येत नव्हतं. बस म्हटलं असतं, तर तो निघून गेला असता..."

"अजून," मतीन म्हणाला.

खुंटी फिरली.

"अजून..."

तार किंचाळायला लागली. दुकानाच्या अंधारात कुणीतरी श्वास ओढून धरला.

"अजून थोडी..."

तार तुटली.

मग काही नाही. मतीन नाव घेत राहिला. कितीतरी वेळ...

लाईट आली, तेव्हा खुंटीला तुटकी तार लटकत होती. मतीननं दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. साधा ओरखडाही नव्हता.

तारेच्या टोकाला रक्त होतं.

ओलं.