तिसरा ट्रॅक

फ्रिज बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, खिडकीवर दोन जाड ब्लँकेटं टांगली. घरी रेकॉर्डिंग करायचं तर एवढं करावंच लागतं, नाहीतर आपल्याआधी फ्रिजच गाऊन मोकळा होतो. भर दुपारी खोलीत अंधार झाला आणि ब्लँकेटांना लागलेला डांबरगोळ्यांचा वास हळूहळू सगळीकडे पसरला.

मशीन दादाचं. जुनं, कॅसेटवर चालणारं, चार ट्रॅकचं. पहिल्यावर त्याची गिटार, दुसऱ्यावर बिस्किटांच्या डब्यावर धरलेला ठेका, तिसऱ्यावर त्याचा आवाज. चौथा त्यानं आईसाठी मोकळा ठेवला होता. तिनं खालच्या सुरात साथ करावी हा त्याचा हट्ट, आणि आईचा नन्नाचा पाढा. "उद्या बघू रे," म्हणायची. मग तो रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि तो उद्या राहूनच गेला.

तेव्हापासून मशीनवरची धूळ ती रोज पुसायची, पण कुणाला हात लावू द्यायची नाही. "त्यानं ठेवलंय तसं राहू दे."

आता तिच्याच घशातली गाठ काढायची होती. नंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "चिमणे, मशीन लाव. गाते मी."

"आत्ता सुचलं होय तुला?"

"गंजलेलं बिजागर आहे गं. पण अजून वाजतंय."

मी मायक्रोफोन चौथ्या ट्रॅकला जोडला, त्याचा रेकॉर्डचा खटका खाली केला आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले. हेडफोन एकच होते, त्यामुळे मला ऐकू येत होती फक्त आई. तिला असं गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. दादाच्या ओळीला थांबायची, मान डोलवायची, मग आपली ओळ उचलायची. एकदा तर गाता गाता हसली. मला रडू आवरेना.

हेडफोन काढून ती म्हणाली, "मधेच 'आई, श्वास घे' म्हणतो गं तो. आधी नव्हतं ना हे?"

नव्हतं. मी कॅसेट मागे नेली आणि हेडफोन लावून ऐकू लागले. गिटार होती. ठेका होता. आई होती.

दादा नव्हता.

मग तिसऱ्या ट्रॅकचा खटका दिसला. खाली केलेला. दादा आपल्या ओळी पुन्हा पुन्हा गायचा, म्हणून तो खटका कायम खालीच ठेवायचा. मशीनला हात लावण्याआधी तो वर करायचा, हे मला लहानपणापासून पाठ होतं, आणि नेमकी तेव्हाच विसरले. ज्याचा खटका खाली, त्यावरचं जुनं पुसलं जातं. त्यानं ठेवलं होतं तसंच राहिलं होतं, आणि त्याचा होता नव्हता तेवढा आवाज मी माझ्या हातानं पुसला होता. पुसला जाणारा ट्रॅक हेडफोनमध्ये वाजतही नाही. मग आईनं साथ केली ती कुणाला?

"छान झालंय," मी म्हणाले. खोटं बोल पण रेटून बोल.

ऑपरेशनमध्ये आवाज गेलाच. घरी आल्यावर आईनं दोन्ही तळवे कानांवर ठेवून खूण केली. मला कळलं. मी आवाज जुळवून ठेवले होते: गिटार जरा खाली, आई वर. तिसऱ्याचं सरकतं बटण पार तळाला, निदान रिकाम्या टेपची खरखर तरी तिला ऐकू येऊ नये. दादा कुठाय म्हणून तिनं विचारलं, तर पाय धरून सगळं सांगायचं असं ठरवलं होतं.

मी तिला हेडफोन चढवून कॅसेट लावली. तिनं डोळे मिटले. चेहरा खुलला. मला हायसं वाटलं.

मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं तिसऱ्या बटणाकडे बोट दाखवलं आणि हात खाली हलवला... कमी कर.

"आई, तळालाच आहे गं ते..."

तिनं स्वतःच बटण खाली दाबलं. पुन्हा दाबलं. नख वाकेपर्यंत. ओठ हलत होते, घशातून नुसती हवा येत होती.

मी हेडफोन ओढून माझ्या कानांना लावले. दादा, एकदा... एकदाच रे. पण मला ऐकू आली फक्त गिटार, ठेका आणि आई.

मी मशीन बंद केलं. प्लग उपटला. खोलीत इतकी शांतता झाली की माझाच श्वास मला मोठा वाटला.

आईनं दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. मग तिनं एक हात सोडवला, आणि माझ्याकडे बघत तो खाली खाली हलवत राहिली... कमी कर... अजून कमी...